थकलेल्या ज्येष्ठांसाठी जोर-विसाव्याचा व्यायाम : १२ आठवड्यांचा घरगुती आराखडा

उतारवयात थकलेल्या माणसाला व्यायाम सांगायचा म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : खुर्चीत बसून हात वरखाली करा, घोटे फिरवा, जमेल तेवढे अंगणात फिरा, पण दमू नका. हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो आणि त्यात धोका जवळजवळ नसतो. मात्र त्यातून फायदाही फारसा पदरी पडत नाही. रोजच्या कामापेक्षा अधिक ताण पडल्याशिवाय स्नायू बळकट होत नाही, हा नियम पंचविशीतल्या पैलवानाला लागू आहे तसाच पंच्याऐंशीच्या आजींनाही लागू आहे. ज्यांच्याकडे दिवसाकाठी अर्धा तासच उत्साह शिल्लक असतो, त्यांचा तो अर्धा तास मनगटे फिरवण्यात घालवणे हे माझ्या मते काळजी घेणे नव्हे.

या लेखात सांगितलेली पद्धत हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग या नावाने ओळखली जाते. थोडा वेळ जोर, मग विसावा, पुन्हा जोर, पुन्हा विसावा, एवढेच तिचे सूत्र आहे. हे नाव ऐकले की जिममध्ये उड्या मारणारी तरुण मुले डोळ्यांपुढे येतात आणि घरचे लोक धसका घेतात. परंतु तीव्रता व्यायामाच्या प्रकारावर ठरत नाही, ती करणाऱ्याच्या कुवतीवर ठरते. ज्या आजींना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात पाच वेळा उठून बसणे हाच तीव्र व्यायाम आहे. त्यात उडी नाही, धावणे नाही आणि यंत्रही नाही.

विसाव्याला इतके महत्त्व का, हेही समजून घ्यावे. थकलेल्या माणसाचा दम बहुधा स्नायूंच्या आधी संपतो. त्याला सलग दहा मिनिटे चालायला लावले, तर श्वास पुरावा म्हणून तो आपसूकच गती उतरवतो आणि मांड्यांवर हवा तेवढा ताण येतच नाही. तेच काम अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत दिले, तर प्रत्येक तुकड्यात मनापासून जोर लावता येतो आणि मधल्या वेळात श्वास जागेवर येतो. दुसरे कारण स्नायूंच्या आत आहे. वय वाढते तसे जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू इतरांहून अधिक झिजतात. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम प्रामुख्याने याच तंतूंचे असते, आणि संथ, हलक्या हालचालींत त्यांना फारसे काम पडत नाही.

पुरावा कोणाचा आणि कोणाला लागू

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण तो न केल्यामुळेच दोन टोकांचे सल्ले दिले जातात. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ मिनिटे वेगाने आणि ३ मिनिटे हळू चालण्याची पद्धत अभ्यासली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पाच महिन्यांत सहभागी व्यक्तींच्या मांडीच्या स्नायूंची ताकद आणि दम दोन्ही वाढले, आणि वरचा रक्तदाब उतरला. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे ७० ते ७७ वयाच्या १५६७ जणांवर पाच वर्षे चाललेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक गट आठवड्यातून दोनदा ४-४ मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या करत असे. मृत्युदराच्या बाबतीत व्यायामाचे दोन्ही गट (हा आणि मध्यम गतीने सलग व्यायाम करणारा दुसरा) मिळून आणि तुलनेसाठीचा गट यांच्यात ठळक फरक आढळला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. शिवाय या दोन्ही ठिकाणची माणसे बरीच धडधाकट होती. त्यांचे ३-४ मिनिटांचे वेळापत्रक काठी टेकत चालणाऱ्या आजोबांच्या गळ्यात बांधणे चुकीचे ठरेल.

खरोखर थकलेल्या माणसांवरचा पुरावा वेगळ्या ठिकाणाहून येतो. बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धसेवा केंद्रात राहणाऱ्या १० जणांना आठ आठवडे भारी वजनांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. याच गटाने १९९४ साली १०० जणांवर केलेल्या अभ्यासात ताकद, चालण्याची गती आणि जिना चढण्याची क्षमता सुधारली. ज्यांना व्यायामाविना केवळ पूरक आहार दिला गेला, त्यांच्यात मात्र अशी सुधारणा दिसली नाही. स्वीडनमधील उमिओ येथे वृद्धाश्रमांतील १९१ रहिवाशांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात उठणे, पायरी चढणे, वळणे अशा रोजच्याच हालचाली कठीण करून दिल्या होत्या. या लोकांना दैनंदिन कामांत मदत लागत होती, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना स्मृतिभ्रंश होता, आणि तरीही त्यांचा तोल, चाल आणि पायांची ताकद सुधारली.

म्हणून पुढील आराखड्यात जोर आणि विसावा यांची लय इंटरव्हलची ठेवली आहे, पण त्या लयीत करायच्या हालचाली मात्र उमिओसारख्या, म्हणजे खुर्ची, पायरी आणि ओटा यांच्या आहेत.

पहिली पायरी : डॉक्टरांशी बोलणे

थकलेपणाची एक प्रचलित कसोटी २००१ साली लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी मांडली. वर्षभरात साधारण साडेचार किलो वजन आपोआप घटणे, सतत थकवा वाटणे, हातांची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे या पाचपैकी तीन किंवा अधिक गोष्टी असतील, तर डॉक्टर त्या अवस्थेला फ्रेल्टी म्हणतात. एक-दोन असतील तर ती तिची पूर्वावस्था समजली जाते. यांपैकी वजन घटण्याला सर्वांत आधी गांभीर्याने घ्यावे. वजन अजूनही उतरत असेल, तर त्याचे कारण सापडेपर्यंत आणि खाणे सुधारेपर्यंत जोराचा व्यायाम सुरू करू नये.

काही आजारांत हा व्यायाम डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय करायचाच नाही : थोड्या श्रमाने किंवा बसल्या जागी छातीत दुखणे, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, हृदयाच्या महाधमनीची झडप गंभीररीत्या अरुंद असणे, पायांवर सूज आणि आडवे पडल्यावर धाप अशी काबूत नसलेली हृदयाची कमजोरी, अनियमित ठोके, पोटातील किंवा छातीतील महाधमनीचा फुगवटा, पायाच्या शिरेत झालेली गुठळी, नुकतेच मोडलेले हाड आणि मधुमेहामुळे पडद्यावर रक्तस्राव होत असलेले डोळे. बसल्या जागी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा.

जाताना गोळ्यांची सगळी पाकिटे बरोबर न्यावीत आणि नेमके विचारावे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्यांमुळे नाडी जोर लावल्यावरही फारशी वाढत नाही. अशा माणसाची तीव्रता मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावरून ठरवणे फसवे असते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांनी उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर साखर उतरण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीने व्यायामाआधी साखर तपासावी. ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे, आणि ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्यावे व त्या दिवशीचा व्यायाम सोडून द्यावा.

शक्य असेल तर सुरुवातीची तीन-चार सत्रे फिजिओथेरपिस्टच्या समक्ष करून घ्यावीत. घरी येणारे फिजिओ आता तालुक्याच्या गावीही मिळू लागले आहेत. त्यांना ‘मालिश आणि शेक नको, खुर्चीतून उठण्याचा व्यायाम शिकवा’ असे आधीच सांगितलेले बरे.

दुसरी पायरी : आजचे मोजमाप

सुरुवात कुठून आहे हे लिहून ठेवले नाही, तर पुढे काय बदलले हे केवळ अंदाजावर राहते. तीन मोजमापे पुरेशी आहेत.

पहिले रक्तदाबाचे. पाच मिनिटे शांत बसवून दाब घ्यावा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरत असेल, तर गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उभ्याने करायचे व्यायाम सुरू करू नयेत. पुष्कळ ज्येष्ठांना ‘उठलं की गरगरतं’ ही तक्रार वर्षानुवर्षे असते आणि घरात कुणी हे मोजलेलेच नसते.

दुसरे चालीचे. घरातल्या मोकळ्या जागेत ४ मीटरच्या दोन खुणा चिकटपट्टीने कराव्यात आणि दोन्ही बाजूंना एकेक पाऊल जास्तीची जागा सोडावी. नेहमीच्या चालीने, काठी लागत असेल तर काठीसह, हे अंतर चालायला सांगून वेळ मोजावी. ५ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागणे म्हणजे चाल मंदावलेली आहे.

तिसरे खुर्चीचे. हात छातीशी घडी घालून सलग पाच वेळा उठून बसण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. आशियाई देशांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागणे हे स्नायूंच्या क्षमतेत घट झाल्याचे लक्षण मानतात. हात न लावता एकदाही उठता येत नसेल, तर तेवढीच नोंद करावी : ‘हाताशिवाय नाही’. बारा आठवड्यांनी हीच नोंद बदललेली पाहण्यात सर्वांत मोठे समाधान असते.

तिसरी पायरी : जागा, कपडे आणि सोबत

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हातांची आणि वजनदार असावी, आणि तिची पाठ भिंतीला टेकवलेली असावी. घरोघरी असते ती पातळ प्लॅस्टिकची खुर्ची या कामाला मुळीच चालत नाही. जोराने बसताना तिचे पाय फाकतात किंवा ती मागे सरकते. बैठक साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते; त्यावरून उठणे जमत नसेल, तर घट्ट घडी केलेली सतरंजी किंवा घोंगडी घालून ती उंच करावी. मऊ उशी घालू नये, कारण तिच्यात बूड रुतते आणि उठणे आणखी अवघड होते.

फरशी कोरडी हवी, पायाखाली चटई किंवा पायपुसणे नको. मागे पट्टा असलेल्या, तळ न घसरणाऱ्या चपला किंवा बूट घालावेत. तळपायांची संवेदना शाबूत असेल तर घरात अनवाणी करायलाही हरकत नाही, मात्र मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी अनवाणी करू नये. साडी नेसणाऱ्या आजींच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. खुर्चीतून पुढे झुकताना साडीचा काठ चवड्याखाली अडकतो आणि उठता उठता ओढ बसते. म्हणून निऱ्या घोट्याच्या वर खोचाव्यात, किंवा व्यायामापुरता घोट्याच्या वर राहणारा गाऊन किंवा सलवार घालावी.

सोबतीला उभे राहणाऱ्याने दुबळ्या बाजूला, किंचित मागे थांबावे आणि एक हात कमरेपाशी ठेवावा. फिजिओकडे मिळणारा कमरेचा रुंद पट्टा असेल तर तो धरावा. काखेत हात घालून उचलणे किंवा समोरून दोन्ही हात धरून ओढणे टाळावे. त्याने खांदा दुखावतो, आणि उठण्याचे श्रम ज्याने करायचे तो सोडून दुसराच करतो.

चौथी पायरी : जोर किती, हे ओळखणे

शून्य ते दहा अशी श्रमांची पट्टी धरू. शून्य म्हणजे निवांत बसणे, दहा म्हणजे याहून अधिक शक्यच नाही असे श्रम. आपल्याला पहिल्या महिन्यात ५ पर्यंत आणि पुढे ६ ते ७ पर्यंत जायचे आहे. शेवटच्या टप्प्यात, सर्व सुरळीत असेल तर, ८ ला स्पर्श करायचा आहे. आकडा सांगणे अनेकांना जड जाते. ‘तुम्हीच बघा, आम्हांला काय कळतंय’ असे उत्तर येते. त्यासाठी बोलण्याची कसोटी सोपी पडते. फेरी संपून बसल्याबरोबर चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे मराठी महिने म्हणायला सांगावेत. एका श्वासात सात-आठ महिने म्हणता आले, तर जोर कमी पडला. तीन-चार महिन्यांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो बरोबर होता. एकाच महिन्यावर धाप लागली, तर तो जास्त झाला आणि पुढची फेरी हलकी करायची. हे महिने फेरी चालू असताना मात्र म्हणायला लावू नयेत, कारण थकलेल्या माणसाचे लक्ष दोन ठिकाणी विभागले की तोल जातो.

श्वास रोखून जोर लावण्याची सवय अनेकांना असते आणि तीच रक्तदाब एकदम वाढवते. उठताना मोठ्याने ‘एक’, ‘दोन’ असे म्हणायला लावले की श्वास आपोआप बाहेर पडतो.

पाचवी पायरी : हालचाली

मुख्य हालचाल एकच, खुर्चीतून उठणे आणि बसणे. ती नीट शिकवायला पहिले दोन आठवडे गेले तरी चालतील. आधी बैठकीच्या पुढच्या निम्म्या भागावर सरकून बसावे. पावले खांद्यांइतकी फाकवून, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे येतील अशी ठेवावीत. पाठ सरळ ठेवून, कमरेतून, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकावे. बहुतेकांची अडचण इथेच असते, पुढे पडण्याच्या भीतीने ते मागच्या मागेच वर उठू पाहतात आणि धपकन बसतात. वजन पावलांवर आले की टाचा दाबून झटकन उठावे, पूर्ण सरळ उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे. उठणे चपळ आणि बसणे संथ, असा हा क्रम आहे. पाठ वाकवून झुकू देऊ नये, विशेषतः हाडे ठिसूळ असलेल्यांना. मणक्याला पोक काढून भार सोसण्याची सवय नसावी.

हाताचा आधार लागला तर घ्यावा. प्रगतीचा क्रमही त्यातूनच निघतो : उंच केलेली खुर्ची आणि दोन्ही हात, मग एक हात, मग हात मांडीवर, मग छातीशी घडी, त्यानंतर सतरंजीची एकेक घडी काढत बैठक खाली आणणे, आणि सर्वांत शेवटी हातात एक-दोन किलोची पिशवी.

जोडीला दुसऱ्या दोन हालचाली ठेवाव्यात. ओट्याला दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उंच होणे आणि हळू टाचा टेकवणे ही एक. कठडा असलेल्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर चढणे-उतरणे ही दुसरी. ती पाचव्या आठवड्यानंतरच घ्यावी, कठडा धरूनच करावी आणि चढताना मजबूत पाय व उतरताना कमजोर पाय आधी ठेवावा. ज्यांचे गुडघे उठबस सोसत नाहीत, त्यांनी बसल्या जागी गुडघे वेगाने आळीपाळीने उचलावेत किंवा खुर्चीत बसून चालवण्याची छोटी पेडल सायकल वापरावी. चाके नसलेला वॉकर घेऊन वेगाने चालण्याचा प्रयत्न करू नये. त्या वॉकरची रचनाच सावकाश चालण्यासाठी असते.

सहावी पायरी : बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, असे सत्र ठेवावे. सकाळी उठल्या उठल्या नको. नाश्ता होऊन तास-दीड तास झालेला असावा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यासारख्या भागात सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर करावे. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्राच्या उपवासाच्या दिवशी जोराच्या फेऱ्या करू नयेत, त्या दिवशी हलके चालणे पुरे. आणि हे वेळापत्रक ठरवतानाच दिनदर्शिका पाहून लिहून टाकावे, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

पहिले दोन आठवडे जोर नाही, फक्त शिकणे. उठबस पाच वेळा, दोन-तीन मिनिटे विश्रांती, असे दोन-तीन वेळा. चवड्यांवर उंच होणे आठ-दहा वेळा. आणि घरातल्या घरात थोडे चालणे. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात २० सेकंदांच्या चार फेऱ्या, जोर ५ पर्यंत, आणि प्रत्येक फेरीनंतर ९० सेकंदांचा विसावा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ३० सेकंदांच्या चार, मग पाच, मग सहा फेऱ्या, जोर ६ ते ७, विसावा तेवढाच. नवव्या ते बाराव्या आठवड्यात ४५ सेकंदांच्या सहा फेऱ्या. त्यांतली शेवटची एक-दोन ८ पर्यंत गेली तरी चालते. आठवड्यातील तीनपैकी दोन दिवस अशा फेऱ्यांचे आणि तिसरा दिवस पिशवीतील वजन वाढवून सावकाश ताकदीचा, असे विभागल्यास अधिक चांगले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी : फेरीची लांबी, फेऱ्यांची संख्या किंवा खुर्चीची उंची. हे आकडे म्हणजे मर्यादा आहेत, लक्ष्य नव्हेत. विसाव्याचे ९० सेकंद संपले तरी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर दोन मिनिटे थांबावे, तीन मिनिटे थांबावे. जोराच्या फेरीचा दर्जा टिकणे महत्त्वाचे आहे. ज्याला चौथ्या आठवड्याचा टप्पा सहा आठवडे पुरतो, त्याने तो सहा आठवडे करावा.

प्रत्यक्ष सत्र

एक सत्र साधारण अर्ध्या तासाचे होते आणि त्यात जोराचा वेळ जेमतेम एक ते पाच मिनिटांचा असतो. सुरुवातीला बसूनच घोटे वरखाली, गुडघे आळीपाळीने उचलणे, हात खांद्यापर्यंत नेणे असे आठ-दहा मिनिटे करावे. घोट्याच्या हालचालीने पोटऱ्यांतले रक्त वर ढकलले जाते आणि उभे राहिल्यावर गरगरणे कमी होते. मग दोन-तीन सावकाश उठबशी, आणि त्यानंतर पहिली फेरी. सेकंद मोजणाऱ्याने मोजण्याखेरीज आणखी एक काम करायचे, चेहऱ्याकडे पाहायचे. ओठांचा रंग फिका पडणे, कपाळावर थंड घाम, नजर स्थिर न राहणे, पाय लटपटणे, यांपैकी काही दिसले की फेरी तिथेच थांबवायची, ती पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

शेवटची फेरी झाली की लगेच आडवे होऊ नये. पाच मिनिटे बसल्या जागी पाय हलवत राहावे, पाणी किंवा ताक घ्यावे (हृदयविकारासाठी पाण्याचे प्रमाण बांधून दिले असेल तर तेवढेच) आणि कढत पाण्याने आंघोळ अर्ध्या तासाने करावी, कारण व्यायामानंतर रक्तदाब काही काळ खाली राहतो आणि गरम पाण्याने तो आणखी उतरतो.

छातीत दाब किंवा कळ, जबडा किंवा डाव्या हातात जाणवणारे दुखणे, विसाव्यानंतरही न उतरणारी धाप, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय ढिला पडणे, असे काही झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसऱ्या दिवसाची सकाळ ही खरी परीक्षा असते. मांड्या दुखल्या तर ते अपेक्षित आहे आणि दोन दिवसांत ते ओसरते. परंतु नेहमीची कामे सुचू नयेत इतका थकवा सकाळीही उरला, किंवा गुडघा सुजला, तर पुढच्या सत्रात फेऱ्या एक-दोनने कमी कराव्यात. संधिवाताच्या गुडघ्यात व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे चालते, मात्र ते दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर आले पाहिजे. न आल्यास खुर्ची पुन्हा उंच करावी.

खाण्याबद्दल

रात्री चहात बुडवलेली दोन बिस्किटे किंवा वाटीभर मऊ भात यांवर भागवणाऱ्या माणसाचे स्नायू केवळ व्यायामाने वाढणार नाहीत. ज्येष्ठांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत असे तज्ज्ञगटांचे मत आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या वाटीत साधारण तेवढेच, आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास असतात. हिशेब मांडून पाहिला की बहुतेक ताटांत निम्मेच भरते. दात नसतील तर मऊ शिजवलेली मुगाची उसळ, धिरडी, अंड्याची भुर्जी, दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर असे पर्याय आहेत. महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज क्वचितच असते. उमिओच्या अभ्यासात प्रथिनांच्या पेयाने व्यायामाच्या परिणामात भर पडल्याचे दिसले नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

विस्मरण असलेल्यांसाठी

स्मृतिभ्रंश हे व्यायाम नाकारण्याचे कारण नाही. शब्दांत समजावण्याऐवजी समोर दुसरी खुर्ची मांडून स्वतः उठून-बसून दाखवावे. पाहून केलेली हालचाल त्यांना सहसा जमते. जागा, वेळ, खुर्ची आणि मोजणारा माणूस शक्यतो बदलू नये. श्रमांची पट्टी इथे उपयोगी पडत नाही, म्हणून श्वास आणि चेहरा यांवरच भिस्त ठेवावी आणि जोर ६ च्या आतच समजून चालावे.

खंड पडल्यास आणि त्यानंतर

बारा आठवड्यांनी तिन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत. खरे तर दर चार आठवड्यांनी घ्यावीत. त्यानंतर आठवड्यातून दोन सत्रे कायम ठेवली, तर मिळवलेली ताकद बऱ्याच अंशी टिकते.

खंड मात्र पडणारच : लग्नसराई, पाहुणे, ताप, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. आठवडाभराचा खंड असेल तर एक टप्पा मागे जाऊन सुरुवात करावी. आजारपणात अंथरुणाला खिळल्याने झालेले नुकसान याहून बरेच मोठे असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस केवळ झोपवून ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला होता. आजारी माणसाचे नुकसान त्याहून कमी असण्याचे कारण नाही. त्यामुळे रुग्णालयातून घरी आल्यावर डॉक्टरांची परवानगी घेऊन पहिल्या दोन आठवड्यांच्या, म्हणजे शिकण्याच्या टप्प्यापासूनच पुन्हा आरंभ करावा. ताप असेपर्यंत फेऱ्या नाहीत. पण ताप असतानाही, गरगरत नसेल आणि कुणी जवळ असेल, तर जेवण अंथरुणात न देता खुर्चीत बसवून द्यावे आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी दोनदा उठून बसायला सांगावे.